डावरीच्या बोटीचा नंबर

आमच्या बंदरात एकसष्ट बोटी आहेत. त्यातल्या साठ बोटींवर जाळं उजवीकडून ओढतात आणि एकीवर डावीकडून. ती एक माझ्या आत्याची. मी तिच्या भावाची मुलगी, वय वर्षं एकेचाळीस, आणि गेली चौदा वर्षं त्या बोटीचं इंजिन सांभाळते. हे आधीच सांगते, म्हणजे मी आत्याची बाजू घेते असं नंतर कुणी म्हणायला नको. घेतेच मी तिची बाजू.

आत्या बासष्ट वर्षांची आहे. उंचीनं माझ्या खांद्याला लागते, पण आवाज इंजिनाच्या वरून ऐकू येतो. बंदरात तिला डावरी म्हणतात, तेही तोंडावर. पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे.

तिची डाव्या हाताची सवय मोडायचा प्रयत्न लहानपणापासून सगळ्यांनी केला. शाळेतल्या बाईंनी पट्टी वापरली. माझ्या आजोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, त्याहून सोपा उपाय काढला. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी तिचा डावा हात जाळ्याच्या दोरीनं कमरेला बांधला आणि तिला तशीच बोटीवर घेऊन गेले. दोन दिवस ती कोपऱ्यात बसून राहिली. उजव्या हातानं तिनं पाण्याचा पेलासुद्धा उचलला नाही. तिसऱ्या दिवशी बोट हेलकावली आणि ती पाण्यात पडली. एका हातानं पोहत होती. आजोबांनी मागोमाग उडी मारली, पाण्यातच सुरीनं दोरी कापली आणि तिला वर घेतलं. त्या दिवसानंतर घरात तिच्या हाताचं कुणी नाव काढलं नाही.

पुढे लग्न झालं, ते अकरा महिने टिकलं. नवरा बरा होता, असं ती अजूनही म्हणते. सासू रोज सकाळी चुलीजवळच्या सगळ्या भांड्यांचे दांडे उजवीकडे फिरवून ठेवायची. आत्या स्वयंपाकाला उभी राहिली की ते डावीकडे फिरवायची. अकरा महिने दांडे फिरत राहिले आणि एक दिवस आत्या ट्रंक घेऊन परत आली. आजीनं विचारलं, "काय झालं?" आत्या म्हणाली, "काही नाही. तिथं हात ठेवायला जागा नव्हती."

आजोबा गेल्यावर बोट तिच्या नावावर झाली. तिनं पहिलं काम केलं ते जाळं ओढायचं चाक उजवीकडून काढून डावीकडे बसवायचं. सुतार म्हणाला, "बोट कलंडेल, मी हात लावणार नाही." मग तिनं स्वतः पाने-स्क्रू घेतले, चाक हलवलं, आणि तोल साधायला बॅटऱ्या उजवीकडे नेऊन ठेवल्या. याला सव्वीस वर्षं झाली. बोट कलंडली नाही. सुताराची स्वतःची बोट मात्र मध्यंतरी धक्क्याला बांधल्या जागी बुडाली, पण तो विषय वेगळा.

आता नंबराचं सांगते, कारण सगळी भानगड तिथेच आहे.

नियम साधा आहे. प्रत्येक बोटीच्या तोंडाशी, दोन्ही गालांवर, तिचा नोंदणीचा नंबर हवा. आकडे वीतभर उंच. गडद रंगावर पांढरे नाहीतर पांढऱ्यावर गडद. नक्षी नको, आकड्यांवर टायर किंवा दोर लोंबता कामा नये, आणि गस्तीच्या बोटीवरून दुर्बिणीशिवाय वाचता यायला हवेत. हद्द ओलांडणारी बोट, चोरलेली बोट, वादळात भरकटलेली बोट, सगळ्या त्या नंबरावरून ओळखायच्या. या नियमाबद्दल आत्याची कधीच तक्रार नव्हती. वादळात दोनदा याच नंबरानं आम्हाला शोधून काढलं आहे.

अडचण अशी, की जाळं ओढायचं चाक तोंडाच्या थोडंसंच मागे असतं. जाळं वर येताना त्याला लावलेले शिशाचे गोळे बोटीच्या गालावरून घासत येतात. ज्या बाजूनं जाळं ओढाल त्या बाजूचा नंबर तीन आठवड्यांत झिजतो. आधी मधला आकडा जातो, मग शेवटचा. साठ बोटींचा उजवा नंबर झिजलेला असतो, आमचा डावा.

गस्तीची बोट नेहमी डावीकडून येते. का, तर उजवीकडे जाळं पाण्यात असतं आणि ते बोटीखालच्या पंख्यात अडकलं तर काम तमाम. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, पण वर्षानुवर्षं चालत आलं आहे. ते डावीकडून येतात, डावा नंबर वाचतात, वहीत टिपतात आणि जातात. धक्क्यावरसुद्धा साठ बोटी उजवी बाजू भिंतीला लावून माल उतरवतात, म्हणजे ती बाजू तिथेही झाकलेली. आमचा रंगारी पण हुशार. डाव्या बाजूला दोन हात रंग देतो आणि उजवी बाजू उरकून टाकतो. विचारलं तर म्हणतो, "जिकडे कुणी बघत नाही तिकडे कशाला घाम गाळायचा?"

आधीचे गस्तीचे साहेब जुने होते. आत्याची बोट दिसली की ते मुकाट्यानं वळसा घालून उजवीकडून यायचे, नंबर वाचायचे, हात हलवून जायचे. सात महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले. वय पस्तिशीचं, शर्टाची इस्त्री समुद्रातही न मोडणारी.

पहिल्यांदा त्यांनी आम्हाला अडवलं तेव्हा ते डावीकडून आले आणि जाळ्यापासून थोडं लांब थांबले. कर्ण्यातून ओरडले, "बाई, नंबर वाचता येत नाही."

"दुसरीकडून या, वाचता येईल," आत्या म्हणाली.

"दोन्ही बाजूंना वाचता यायला हवा. नियम आहे."

"मग दोन्ही बाजूंना या," आत्या म्हणाली आणि जाळं ओढत राहिली.

पहिली नोटीस. आत्यानं रंगाऱ्याकडून डावी बाजू नवी करून घेतली. पुढचा महिना मासळी इतकी होती की जाळं दिवसातून चारदा वर यायचं. रंग दोन आठवडेही टिकला नाही. दुसरी नोटीस. तिच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, की तिसऱ्या वेळी परवाना थांबवण्यात येईल.

तिसरी वेळ आली ती अशी, की बंदर आठ दिवस हसत होतं. साहेब नेहमीसारखे डावीकडून आले. त्या दिवशी वाऱ्यानं आमचं जाळं लांब पसरलं होतं. मी दोन्ही हात हलवून ओरडले, "इकडून नको, इकडून नको." त्यांना वाटलं मी पळवाट शोधते आहे. त्यांनी बोट आणखी जवळ घेतली आणि जाळं सरळ त्यांच्या पंख्यात गेलं. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. त्यांना सोडवायला आत्याला स्वतःचं नवंकोरं जाळं कापावं लागलं. त्यांचा पंखा वाकला होता, म्हणून गस्तीच्या बोटीला आमचा दोर बांधून आम्ही ती ओढत बंदरात आणली. धक्क्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेब खाली उतरले, इस्त्री मोडली होती. त्यांनी आमच्या बोटीचा डावा गाल बघितला, खिशातून वही काढली आणि तिथेच तिसरी नोटीस लिहिली. ओढून आणल्याबद्दल आभाराचा एक शब्द नाही. माझं डोकं असं तापलं होतं की मी बोललेच, "पुढच्या वेळी वल्ही आणा." आत्यानं मला गप्प केलं.

सुनावणी बंदराच्या कार्यालयात झाली. लांबट खोली, एक टेबल, भिंतीवर समुद्राचा नकाशा, खुर्च्या सात आणि माणसं चाळीस. बहुतेक बोटमालक आले होते, काही काळजीनं आणि बाकीचे गंमत बघायला. पुढच्या खुर्चीत आमच्या संघटनेचे अध्यक्ष. अध्यक्ष आणि आत्या शाळेत एका बाकावर बसायचे, आणि तिचा डावा कोपर त्यांच्या उजव्या कोपराला लागतो अशी बाईंकडे पहिली तक्रार त्यांचीच होती.

साहेब शांतपणे बोलले, हे मान्य करायला हवं. "सात महिन्यांत मी या बंदरातल्या सगळ्या बोटी तपासल्या. साठ बोटींचे नंबर स्वच्छ आहेत. बाई, तुमच्याच बोटीला काय होतं?"

अध्यक्षांना आपल्या चपलेत काहीतरी दिसलं असावं, ते तिकडे बघत बसले. मागे कुणीतरी खोकलं. तिथल्या बाकी एकाही मालकाच्या बोटीचा उजवा नंबर धड नव्हता, आणि हे खोलीत साहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं. आत्यानं एक वाक्य म्हटलं असतं तर साठ नोटिसा निघाल्या असत्या आणि तिची सुटका झाली असती. मी तोंड उघडलं. आत्याची टाच माझ्या पायावर पडली आणि तिथेच राहिली.

"जाळं डावीकडून ओढते," ती म्हणाली. "डावीकडचा रंग झिजतो."

"मग सोपं आहे," साहेब म्हणाले. "चाक उजवीकडे बसवा. सगळे तसंच करतात. इथे हमीपत्र आहे, यापुढे जाळं उजवीकडून ओढीन असं लिहिलंय. सही करा, आत्ताच परवाना परत देतो."

त्यांनी कागद पुढे सरकवला. त्यांना खरंच वाटत होतं की आपण मदत करतो आहोत, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

आत्यानं कागद वाचला. ती सावकाश वाचते, ओळीखाली बोट ठेवून. सगळा वाचून झाल्यावर तिनं तो परत सरकवला. "नंबर झिजला ही माझी चूक. त्याची शिक्षा लिहा, मी भोगते. पण हात ही चूक नाही. त्याचं हमीपत्र देणार नाही."

"मग हमीपत्र येईपर्यंत बोट बांधून राहील."

"राहू दे," आत्या म्हणाली. तिनं माझ्या पायावरची टाच काढली आणि आम्ही बाहेर आलो.

घरी पोचेपर्यंत मी तिच्याशी भांडले. म्हटलं, "बोलली का नाहीस? ते साठ जण तुझ्यासाठी एक शब्द बोलले का?"

"त्यांनी बोलायचं की नाही ते त्यांनी बघावं," ती म्हणाली. "मी शाळेत असल्यापासून लोक माझ्याकडे बोट दाखवतायत. तेच काम आता मी करू?"

मी आणखी चिडले आणि भरभर पुढे चालू लागले.

चौथ्या दिवशी अध्यक्ष घरी आले. आमचं स्वयंपाकघर छोटं आहे आणि त्यातलं सगळं आत्याच्या हाताचं. फडताळाचं दार उलटं उघडतं, सुऱ्या डावीकडच्या खिळ्यांना टांगलेल्या, आणि भांड्यांचे दांडे कुणीही फिरवत नाही. अध्यक्षांनी दोनदा चुकीच्या बाजूनं फडताळ उघडायचा प्रयत्न केला, मग साखर मागितली.

"अगं डावरे, सही करून टाक," ते म्हणाले. "मग समुद्रात गेल्यावर ओढ डावीकडून. तिथं कोण बघतंय?"

"मी बघते," आत्या म्हणाली.

"मोडेन पण वाकणार नाही, असं करून पोट भरतं का? हंगाम चाललाय. आम्ही बोटी भरून आणतोय आणि तू दोर मोजत बसलीयस."

"अध्यक्ष, तुझा उजवा नंबर काय आहे रे?"

अध्यक्षांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. पायरीवर थांबून म्हणाले, "तू त्या दिवशी बोलली नाहीस, ते आम्ही विसरणार नाही."

"विसरू नका की. पण त्यानं माझी बोट सुटत नाही," आत्या म्हणाली.

बोट धक्क्याच्या अगदी टोकाशी बांधून ठेवायचा हुकूम होता. आत्या रोज सकाळी तिथे जाऊन बसायची. कापलेलं जाळं मांडीवर घ्यायची आणि विणायची. मला वाटायचं ती आतून खचली आहे. एकदा विचारलं तर म्हणाली, "खचायला वेळ कुठंय? एवढं मोठं भोक पडलंय." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुपारी बोटी आत येतात तेव्हा मात्र मी मान वर करत नाही." तिनं असं काही कबूल केलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

अकराव्या दिवशी दुपारी साहेब आले. त्यांची बोट पंखा बदलायला कारखान्यात होती, म्हणून बिचारे जमिनीवर अडकले होते. हातात तेच हमीपत्र. ते बोट बांधायच्या लोखंडी खुंट्यावर बसले आणि म्हणाले, "बाई, मला तुमचं नुकसान करायचं नाहीये. एका सहीचा प्रश्न आहे."

"बसा की," आत्या म्हणाली. "वारा चांगला आहे."

बोटी परत यायची वेळ झाली होती. धक्क्याच्या टोकावरून बाहेर जाणारी बोट आपली डावी बाजू दाखवत जाते, आणि आत येणारी उजवी. साहेब इतके दिवस समुद्रात असायचे, बोटी आत येताना टोकावर कधी बसलेच नव्हते. पहिली बोट आली. तिच्या उजव्या गालावर दोन आकडे होते आणि पुढे नुसते पांढरे ओरखडे. साहेबांनी मान वळवली. दुसरी बोट आली, तिच्यावर आकडा एकच शिल्लक होता. तिसरीवर काही नव्हतंच. चौथी अध्यक्षांची. अध्यक्षांनी साहेबांना तिथे बसलेलं पाहिलं आणि बोटीच्या गालासमोर घाईघाईनं एक टायर सोडला.

खरं सांगते, मला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

साहेब दोन तास तिथून हलले नाहीत. बोटी एकामागून एक आत येत राहिल्या. चाळिसाव्या बोटीनंतर त्यांनी मोजणं सोडलं असावं. मग आत्याकडे वळून म्हणाले, "हे तुम्हाला माहीत होतं?"

"डोळे शाबूत आहेत माझे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला माझ्या बोटीचं विचारलं होतंत," आत्या म्हणाली आणि सुई जाळ्याच्या पुढच्या घरातून काढली.

साहेबांनी हातातल्या हमीपत्राकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच ते विचारणं खरं वाटलं, "आता मी काय करू? साठ परवाने थांबवू?"

"मी सांगून तुम्ही ऐकणार का?" आत्या म्हणाली. "रंग झिजणार. उजवीकडून ओढा नाहीतर डावीकडून, शिसं रंग खाणारच. झिजला की परत द्यायचा, एवढंच आहे. सगळ्यांना आठवडाभर मुदत द्या आणि त्यानंतर दोन्ही बाजू बघा. माझ्याही बघा. मला सूट नको. पण मी कुठल्या हातानं काम करते हे तुमच्या कागदात लिहायचं नाही."

साहेबांनी पेन काढलं. गुडघ्यावर कागद ठेवून 'जाळं उजवीकडून ओढीन' ही ओळ खोडली आणि तिच्यावर लिहिलं, 'दोन्ही बाजूंचे नंबर वाचता येतील असे ठेवीन'. खाली स्वतःची सही केली. कागद आत्याकडे दिला. तिनं पुन्हा बोट ठेवून सगळा वाचला, खोडलेली ओळसुद्धा. साहेबांनी पेन तिच्या उजव्या हाताकडे धरलं होतं. आत्या नुसती बघत राहिली. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पेन दुसरीकडे नेलं.

त्या आठवड्यात रंगाऱ्याला जेवायला फुरसत नव्हती. साठ बोटींचे उजवे गाल त्यानं दोन-दोन हात रंग देऊन केले. आत्याला त्यानं नंबर लावला एकसष्टावा. ती थांबली नाही. त्याच्याकडून रंगाचा डबा, पट्टी आणि जाड ब्रश घेऊन आली आणि बोटीच्या डाव्या गालावर स्वतः आकडे काढले. मी पट्टी लावून मोजले. उंची बरोबर, रंग बरोबर, फक्त आकडे जरा मागे झुकलेले. नियमात झुकण्याबद्दल काही नाही, मी दोनदा वाचून खात्री केली. तेव्हापासून डबा बोटीवरच असतो, आणि निघायच्या आधी ती झिजलेला भाग रंगवते.

आम्ही परत समुद्रात गेलो त्या दिवशी मासळी यथातथाच होती. भर हंगामाचे दिवस निघून गेले होते आणि ते काही कुणी परत देत नाही. दुसऱ्यांदा जाळं ओढत असताना लांब गस्तीची बोट दिसली, नवा पंखा लावलेली. माझे हात आपोआप वर गेले, 'इकडून नको' म्हणायला. पण ती आधीच मंद झाली, आमच्या मागून मोठा वळसा घेतला आणि उजवीकडे येऊन थांबली. साहेबांनी नंबर वाचला, वहीत टिपला आणि हात वर केला. झालं, निघाले.

"अहो साहेब," आत्या ओरडली. "डावी बाजू राहिली. दोन्ही बघायच्या ठरल्यात ना?"

साहेब काहीतरी म्हणाले, ते इंजिनात ऐकू आलं नाही. मग त्यांची बोट पुन्हा फिरली, आमच्या तोंडासमोरून जाळ्याला सांभाळत लांबून डावीकडे आली आणि तिथे थांबली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धुराचं असेल, असं मी त्या वेळी म्हटलं, पण धूर दुसरीकडे जात होता.

"वाचता येतोय का?" आत्यानं विचारलं.

"येतोय," साहेब ओरडले.

"हात लावू नका, रंग ओला आहे," ती म्हणाली आणि जाळं ओढत राहिली.